भाकरीवरचा आयोडीनचा थेंब
(स्नेहमेळाव्यातील भाषण, लिखित स्वरूपात)



आयोजकांनी मला सांगितलं, "तू पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहेस, तर एआयवर बोल." मी म्हटलं, एआयवर बोलणारे पुष्कळ आहेत, मी भाकरीवर बोलते. ते हसले. पण विषय हसण्याचा नाही, हे आपल्या तुकडीतल्या बऱ्याच जणांना ठाऊक आहे. दहावीला १९९६ साली आपण या वर्गात होतो. आज सगळे पंचेचाळिशीच्या आसपास आलो. व्हॉट्सअॅपच्या गटावर पूर्वी लग्नाच्या पत्रिका यायच्या, आता रक्ताचे रिपोर्ट येतात.

आठवीतला एक तास तुम्हाला आठवत असेल. विज्ञानाच्या सरांनी टेबलावर बटाट्याची फोड, भाताची शितं आणि उकडलेल्या अंड्याचा पांढरा भाग ठेवला होता. आयोडीनचा एकेक थेंब टाकला. बटाटा निळा-काळा झाला, भातही झाला, अंडं तसंच राहिलं. मग सरांनी विचारलं, "डब्यात भाकर कोणाची आहे?" माझ्या डब्यातला तुकडा त्यांनी घेतला, थेंब टाकला, आणि तो काळाकुट्ट झाला. मला तेव्हा वाईट वाटलं ते भाकर वाया गेली म्हणून. भाकरीतही तोच स्टार्च आहे जो भातात आहे, हा त्या प्रयोगाचा अर्थ मला कळायला तीस वर्षं लागली.

तीन वर्षांपूर्वी कंपनीच्या वार्षिक तपासणीत माझं एचबीएवनसी ६.२ आलं. ही तपासणी मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगते. ५.७ च्या खाली ठीक, ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाचा उंबरठा, ६.५ आणि पुढे मधुमेह. मी उंबरठ्यावर उभी होते. वडील मधुमेहाने गेले, आईला पंधरा वर्षांपासून आहे, तरी माझा समज असा की मी काही जाड नाही, गोड फारसं खात नाही, तेव्हा मला कशाला होईल?

या समजाला पुण्यातल्याच एका डॉक्टरांनी फार पूर्वी उत्तर देऊन ठेवलं आहे. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांचा एक फोटो २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. दोघांचाही बीएमआय अगदी सारखा, २२.३. पण शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. आपण भारतीय लोक दिसायला बारीक असलो तरी आतून, विशेषतः पोटाभोवती, चरबी धरून असतो. म्हणून आपल्यासाठी वजनकाट्याइतकीच शिंप्याची टेप महत्त्वाची. बाईची कंबर ८० सेंटीमीटरच्या आणि पुरुषाची ९० च्या पुढे गेली की सावध व्हायचं.

आणि हे माझ्या एकटीचं दुखणं नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या इंडियाब पाहणीचे आकडे २०२३ मध्ये आले. देशात मधुमेही १० कोटी १० लाख, आणि माझ्यासारखे उंबरठ्यावरचे १३ कोटी ६० लाख. त्याच पाहणीतला २०२५ मधला निष्कर्ष आपल्या ताटाविषयी आहे. आपल्या रोजच्या ऊर्जेपैकी ६२ टक्के कर्बोदकांतून येते, म्हणजे भात, पोळी, भाकर, पोहे आणि साखर यांतून.

मी इंजिनिअर. बिघाड सापडायचा असेल तर आधी नोंद बघायची, ही आमची सवय. मी तीन दिवस जे तोंडात गेलं ते लिहून काढलं, स्वयंपाकघरातल्या छोट्या वजनकाट्यावर पीठ-तांदूळ मोजले आणि एक्सेलमध्ये मांडले. सकाळी पोह्यांची बशी, ४० ग्रॅम कर्बोदकं. दिवसभरात तीन कप चहा, दोन-दोन चमचे साखर, ३०. दुपारी तीन पोळ्या ६०, वाटीभर भात ४०, वरण १५. संध्याकाळी चार बिस्किटं १६ आणि एक केळं २५. रात्री दोन पोळ्या ४०, भात ४०, वरण १५. बेरीज ३२१ ग्रॅम. भाजी आणि दूध यात धरलेलंच नाही. "मी गोड फारसं खात नाही" म्हणणारी बाई दिवसाला सव्वातीनशे ग्रॅम कर्बोदकं खात होती आणि आठ-दहा तास खुर्चीत बसत होती.

कर्बोदकं कमी करायची ही कल्पना नवी नाही. लंडनच्या विल्यम बँटिंग नावाच्या गृहस्थाने पाव, साखर, बटाटे सोडून वजन कसं उतरवलं, याची पुस्तिका १८६३ साली काढली होती. टोरांटोला १९२१ मध्ये इन्सुलिनचा शोध लागला आणि जानेवारी १९२२ मध्ये लिओनार्ड थॉम्पसन या १४ वर्षांच्या मुलाला ते पहिल्यांदा टोचलं. त्याआधी मधुमेहावर डॉक्टरांच्या हाती पथ्याशिवाय फारसं काही नव्हतं. अमेरिकेत १९७२ साली डॉ. अॅटकिन्स यांच्या पुस्तकाने हा आहार घरोघरी नेला. आपल्याकडे नागपूरचे डॉ. श्रीकांत जिचकार दोन वेळाच जेवा असं सांगत, आणि पुढे डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी ते गावोगावी पोचवलं. लोक याची गल्लत करतात, म्हणून स्पष्ट सांगते. दीक्षितांचा भर किती वेळा खायचं यावर आहे. मी बोलते आहे ते ताटात कर्बोदकं किती, याविषयी.

दिवसाला १३० ग्रॅमच्या आत कर्बोदकं असली की साधारणपणे त्याला कमी कर्बोदकांचा आहार म्हणतात. ५० च्या खाली गेलं की तो कीटो. कीटोच्या वाटेला मी गेले नाही. भाकरीशिवाय आयुष्य काढायची माझी तयारी नव्हती, आणि जे वर्षभर निभणार नाही ते महिनाभर करून काय उपयोग?

सुरुवात मी एकदम केली नाही. पहिल्या आठवड्यात फक्त चहातली साखर आणि बिस्किटं गेली. तिथेच ४६ ग्रॅम वाचले. दुसऱ्या आठवड्यात रात्रीचा भात. तिसऱ्यात सकाळचे पोहे जाऊन दोन अंडी किंवा मुगाच्या डाळीचं धिरडं आलं. चौथ्या आठवड्यात दुपारच्या तीन पोळ्यांच्या जागी एक बेताची भाकर. जे काढलं त्या जागी काहीतरी ठेवायला हवं, नाहीतर चार दिवसांत माणूस फरसाणाच्या डब्याशी सापडतो. मी वरण पातळाचं घट्ट केलं, भाजी दुप्पट केली, दही आणि फल्लीदाणे वाढवले.

आता माझ्या दिवसाचा हिशोब ऐका. सकाळी अंडी आणि भाजी, ५. बिनसाखरेचा दोन वेळा चहा, दुधाचे ८. दुपारी ५० ग्रॅम पिठाची भाकर ३५, घट्ट वरण १६, वांग्याची नाहीतर आंबाडीची भाजी ८, वाटी दही ६, काकडी-कांदा ४. संध्याकाळी मूठभर फल्लीदाणे ६. रात्री हरभऱ्याची किंवा मटकीची उसळ २०, भाजी ८, थोडं पनीर ४. एकूण १२०. हे आकडे घरगुती मापाचे आहेत, पाच-दहा ग्रॅम इकडेतिकडे होणारच. पण ३२१ आणि १२० यातला फरक वाटीच्या आकाराने पुसला जात नाही.

पहिले आठ दिवस डोकं दुखलं, गळून गेल्यासारखं वाटलं. कर्बोदकं कमी झाली की शरीर साठवलेली साखर वापरतं, आणि तिच्यासोबत पाणी आणि मीठही बाहेर पडतं. ताकात चिमूटभर मीठ टाकून प्यायले, तेव्हा बरं वाटलं. ज्यांना ब्लडप्रेशर आहे त्यांनी मात्र हा मिठाचा प्रयोग डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये. सहा महिन्यांत वजन ७१ वरून ६५ वर आलं आणि एचबीएवनसी ५.७ वर. पुढे वजन थांबलं. आज मी १५० च्या आसपास असते, आणि सणावाराला त्याच्याही वर जाते. पोळ्याला पुरणपोळी खाते. पण एक खाते, आणि त्या दिवशी भात घेत नाही.

आता भाकरीविषयी. आपल्याकडे एक समजूत पक्की आहे की शुगर झाली की गहू सोडा, ज्वारी धरा, मग पोटभर खा. मीही तेच मानत होते. ज्वारी चांगलीच आहे, तिच्यात तंतू असतात, ती पोटात टिकते. पण १०० ग्रॅम ज्वारीच्या पिठात ६५ ते ७० ग्रॅम कर्बोदकं असतात आणि गव्हाच्या पिठातही जवळपास तितकीच. आपल्या आयांच्या हातची भाकर थाळीएवढी. तशा दोन भाकरी म्हणजे शंभर ग्रॅमच्या वर गेलो. इंडियाबच्या त्या २०२५ च्या निष्कर्षातही हेच आहे. तांदूळ-मैदा सोडून नुसते गहू किंवा भरड धान्यांवर आल्याने धोका कमी झालेला दिसला नाही, एकूण कर्बोदकं कमी व्हायला हवीत. उलट रोजच्या ऊर्जेतला पाच टक्के वाटा कर्बोदकांकडून काढून डाळी, दूधदुभतं, अंडी, मासे यांच्या प्रथिनांना दिला, तर धोका कमी असल्याचं आढळलं. पाच टक्के म्हणजे किती? दोन हजार कॅलरी खाणाऱ्यासाठी शंभर कॅलरी, म्हणजे पंचवीस ग्रॅम कर्बोदकं. एक मोठी पोळी कमी आणि वाटीभर उसळ जास्त, एवढाच तो बदल. सरांच्या आयोडीनच्या थेंबाने हे आपल्याला आठवीतच दाखवलं होतं.

आता जे सांगणार आहे ते सांगावं की नाही, यावर मी बराच विचार केला. पण माझी चूक इथे कोणाकडून तरी पुन्हा होऊ शकते, म्हणून सांगते.

माझे आकडे सुधारले आणि मला फार शहाणपण आलं. त्या दिवाळीला मी इथे झरीला आले आणि आईचं ताट ताब्यात घेतलं. तिच्या दोन भाकरीची अर्धी केली, भात बंद, चहात साखर नाही. आई कुरकुरली, पण लेक शिकलेली, म्हणून ऐकलं. तिची सकाळची गोळी मात्र चालूच होती. ती गोळी अंगातलं इन्सुलिन वाढवून साखर उतरवणारी. मी तिच्या गोळ्यांची पट्टी एकदाही वाचली नाही.

चौथ्या रात्री तीनच्या सुमाराला आवाजाने जाग आली. आई घामाने निथळत होती, हात थरथरत होते, मला ती माझ्या मावशीच्या नावाने हाक मारत होती. ग्लुकोमीटर लावला तर ४८. सत्तरच्या खाली गेलं की धोका, आणि इथे ४८. ती गिळू शकत होती म्हणून साखरेचं पाणी पाजलं, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजलं, पुन्हा पाजलं. साखर शंभराच्या वर आली तेव्हा उजाडत आलं होतं. ज्या साखरेचा डबा मी चार दिवसांपूर्वी वरच्या फळीवर टाकला होता, तोच काढायला माझे हात थरथरत होते.

सकाळी वणीला डॉक्टरांकडे गेलो. ते रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "जेवण कमी केलं की औषध कमी करावं लागतं. हे आधी विचारायला एक फोन पुरला असता." गोळी निम्मी केली आणि भाकर हळूहळू कमी करायला सांगितली. परत येताना एसटीत आई म्हणाली, "पोरी, तुह्यं गणित बरोबर असन. पण त्यात माही गोळी तू धरलीच नाही."

वीस वर्षं मी प्रोग्रॅम लिहिते. एक अट विसरली तर काय होतं, हे मी नवीन मुलांना शिकवते. आणि आईच्या बाबतीत तीच अट विसरले.

म्हणून हे लिहून घ्या. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर डॉक्टरांना सांगितल्याशिवाय कर्बोदकं कमी करायची नाहीत. लघवीतून साखर बाहेर टाकणाऱ्या नव्या गोळ्या आहेत, डॅपाग्लिफ्लोझिनसारख्या, त्यांच्यासोबत फार कमी कर्बोदकांवर गेलं तर रक्तात आम्ल वाढण्याचा धोका असतो. किडनीचा त्रास असलेल्यांनी प्रथिनं मनाने वाढवू नयेत. गरोदर बाया, लहान मुलं यांच्यावर प्रयोग नको. आणि घाम, थरथर, बडबड दिसली आणि माणूस गिळू शकत असेल, तर तीन चमचे साखर पाण्यात घालून द्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काही घालू नका, त्याला थेट दवाखान्यात न्या.

आता शेवटची गोष्ट. आपल्या एका वर्गमित्राने मला परवानगी दिली आहे, नाव न घेण्याच्या अटीवर. तो शेती करतो. मागच्या पावसाळ्यात त्याच्या पायाला जखम झाली, भरेना. दवाखान्यात गेला तेव्हा साखर निघाली, आणि पायाचा अंगठा काढावा लागला. त्याआधी त्याने कधी साखर तपासलीच नव्हती. त्याने मला फोनवर विचारलं, "तू पनीर खाशील, बदाम खाशील. मी राशनचं खातो. मी काय करू?"

त्या वेळी माझ्याकडे उत्तर नव्हतं. मग मी पुन्हा हिशोब केला. अन्न सुरक्षा कायदा २०१३ चा. प्राधान्य कुटुंबाला माणशी महिन्याला पाच किलो धान्य. म्हणजे दिवसाला साधारण १६६ ग्रॅम, त्यात कर्बोदकं ११५ ग्रॅमच्या आसपास. म्हणजे राशनचं धान्य मुळात जास्त नाही. त्याच्यावर पुन्हा विकतचे तांदूळ, बिस्किटं आणि दिवसाचे सहा गोड चहा येतात तेव्हा ते जास्त होतं. आणि कमी पडते ती डाळ. आपल्या तालुक्यात कपाशीच्या ओळींमध्ये तूर उभी असते. त्याला म्हटलं, "तूर सगळी विकू नको. वर्षाची डाळ घरात ठेव, मग बाकीची बाजारात ने." तुरीचं घट्ट वरण, बरबटीची उसळ, बेसनाचं चून, पोपटाचे दाणे, फल्लीदाणे, घरच्या कोंबडीची अंडी, पावसाळ्यात तरोट्याची आणि हिवाळ्यात हरभऱ्याची भाजी. यातलं एकही पुण्याहून आणावं लागत नाही. डाळीतही कर्बोदकं आहेत, पण सोबत प्रथिनं आणि तंतू आहेत, म्हणून ती साखर हळू चढवते.

त्याने डॉक्टरांशी बोलून औषधासोबत हे सुरू केलं. साखर उतरते आहे. अंगठा परत येणार नाही.

आणखी एक सांगते. दिवसभर कापूस वेचणाऱ्या, अंगाने वाळलेल्या बाईला माझा १२० ग्रॅमचा हिशोब लावू नका. तिला भाकर लागते. हा आहार बसून काम करणाऱ्यांचा, कंबर वाढलेल्यांचा, साखर चढलेल्यांचा आहे. प्रत्येकाचं गणित वेगळं, आणि त्यात त्याची गोळी, त्याची मेहनत, त्याचा खिसा धरावा लागतो. हे मला आईने शिकवलं.

मी येताना ग्लुकोमीटर आणि शंभर पट्ट्या आणल्या आहेत. आठवी 'अ'च्या वर्गाबाहेर व्हरांड्यात टेबल मांडलं आहे. जेवण्याआधी एक थेंब रक्त द्या. बोटाला टोचायला भिणाऱ्यांना सांगते, याच व्हरांड्यात आपण सरांच्या छड्या खाल्ल्या आहेत, त्यापेक्षा हे कमी लागतं. आकडा जास्त आला तर घाबरू नका, पण या आठवड्यात दवाखान्यात जाऊन नीट तपासणी करा. आणि आमच्या गुरुजनांना विनंती, तुम्ही आधी या. तुम्ही रांगेत उभे राहिलात तर हा वर्ग आपोआप मागे उभा राहतो, हे अजून बदललेलं नाही.

पंगतीत जिलेबी आहे, मी बघून आले. एक खा. मीही खाणार आहे. पण आधी वरण आणि भाजी.